कॉइलवरची डबी

सहाच्या बातम्यांत शिट्टी यायला लागली, तेव्हा गावातल्या शहाण्यांनी पहिलं बोट माझ्याकडं दाखवलं. आमच्या गावात रेडिओचं काहीही झालं की बिबियाना. बॅटरी मेली, बिबियाना. आत पाल शिरून चिकटली, बिबियाना. आघाडीवर आपली पोरं मागं हटली तरी काही म्हातारे माझ्याकडं असे बघायचे, जणू ती बातमी मीच खोक्यात कोंबली होती.

धंदा खरा माझ्या नवऱ्याचा, सिप्रियनचा. पोर्ट हारकोर्टमध्ये आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न झाल्यापासून मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून सगळं शिकले. शहर शत्रूच्या हातात गेलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्या गावी आलो. कपड्यांनिशी म्हणजे, मी कपड्यांनिशी. त्यानं डोक्यावरून आणला तो त्याचा मोठा रेडिओ. मग तो लगेच आमच्या नव्या देशाच्या, बियाफ्राच्या फौजेत गेला, बिनतारी तुकडीत. मागं राहिलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणायची. बाजारावर विमानानं बॉम्ब टाकले त्या दिवशी आई तिथं मिरच्या विकत बसल्या होत्या. जीव वाचला, कान गेले. ठार बहिऱ्या नव्हत्या. जाड आवाज जवळून कळायचा, बारीक काही कळायचं नाही.

त्याच बाजारात पॉलिकार्पची बायको गेली. पॉलिकार्प म्हणजे आमच्या गावच्या राखणदलाचा मुख्य, सिप्रियनचा चुलतभाऊ. लढाईआधी करवसुली कचेरीत कारकून होता. मी त्याला भाऊजी म्हणायची, तो मला वहिनी. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. पूर्वी तर सगळ्या भावांत चेष्टेखोर तोच. बायकोला पुरलं आणि त्याचं हसणं आटलं. मग एक गावठी बंदूक खांद्याला लावून दिवसभर फितूर शोधत फिरायचा.

फितुराला आमच्याकडं साबो म्हणत. त्या वर्षी हा शब्द कुठंही ऐकू यायचा. पूल पडला, साबो. विमानांना बाजाराचा दिवस कसा कळला, साबोनं सांगितला. एखाद्याच्या अंगणात धुणं जरा जास्तच पांढरं वाळत असलं तरी शेजारीण म्हणायची, विमानाला खुणा करतेय सटवी.

तर रेडिओचं सांगत होते. गावात रेडिओ बरेच होते, पण बॅटऱ्या कुठं होत्या? लोक मेलेले सेल मासळीसारखे उन्हात वाळवायचे आणि त्यांतून अजून एक संध्याकाळ पिळून काढायचे. त्यामुळं सहा वाजता बरंचसं गाव पॉलिकार्पच्या अंगणात उक्वाच्या झाडाखाली जमायचं. त्याचा ट्रान्झिस्टर मी लावून द्यायची. बदल्यात मूठभर गारी मिळायची, म्हणजे कसाव्याचा रवा. आई घरीच थांबायच्या, सिप्रियनच्या मोठ्या रेडिओला कान चिकटवून. त्याला लागणारी गाडीची बॅटरी मी मिशनच्या जनरेटरवर भरून आणायची. बातम्यांत शिपायांची नावं कधी सांगत नाहीत हे मी आईंना किती वेळा सांगितलं असेल! पण त्या म्हणायच्या, "नाव नाही सांगत, पण कुठं काय झालं ते तर सांगतात. त्यातनं आईला कळतं."

आणि एका संध्याकाळी अंगणातल्या रेडिओत निवेदकाच्या आवाजावरून एक शिट्टी चढत गेली. बारीक, लांबलचक, कानात सुई घालावी तशी. बातमी गडप. बातम्या संपल्या आणि शिट्टीही गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लोक माझ्या अंगावर आले.

"वहिनी, तुम्ही काय केलंत ह्याला?" पॉलिकार्प म्हणाला.

"केलंय काय! उघडते, बघा तुमच्या डोळ्यांनी."

मी सगळ्यांसमोर रेडिओ उघडला. रेडिओ म्हणजे रांगेत बसवलेली माणसं समजा. एरिअलमधून येतो तो आवाज मुंगीच्या पावलाएवढा. पहिला टप्पा तो ऐकतो, जरा मोठा करतो आणि दुसऱ्याला सांगतो. दुसरा तिसऱ्याला. शेवटचा सगळ्यांत आडदांड, तो स्पीकरला ढकलतो. ह्यातल्या एकालाही आपण काय बोलतोय ते कळत नाही. बातमी दिली तर बातमी मोठी करतील, खरखर दिली तर खरखर. बिघाड शोधायचा तर शेवटापासून उलटं जायचं. शेवटच्या टप्प्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला की स्पीकर खट् म्हणतो. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. जिथं गप्प बसेल तिथं रोग. पॉलिकार्पच्या रेडिओत सगळे टप्पे ठणठणीत बोलले. चौथ्या दिवशी दुसऱ्या दोन घरचे रेडिओ आणून लावले, तर सहाला त्यांतही तीच शिट्टी.

"शिट्टी रेडिओतली नाही," मी म्हटलं. "बाहेरून येतेय. जवळूनच कुठून तरी."

खरं तेच बोलले. रोग नसताना रोग आहे म्हणून गारी उकळणारी बाई मी नव्हे. पण 'बाहेरून' म्हणताच मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे कोणीतरी सोडतंय."

गावात परका एकच होता. उमोरेन, अनांग मुलखातला, पत्र्याचं काम करायचा. शाळेमागच्या पडक्या खोपटात राहायचा. डब्यांचे दिवे कर, फुटक्या पातेल्याला ठिगळ लाव, असलं काम. आमची भाषा बोबडी बोलायचा, बायका त्याला चिडवायच्या आणि तोही आणखी बोबडं बोलून त्यांना हसवायचा. अधूनमधून तो हद्दीपलीकडं, शत्रूच्या मुलखात, लपूनछपून जाऊन मीठ आणायचा. मिठासाठी माणसं काय करत होती ते आता सांगून पटायचं नाही. लहान पोरांचे पाय सुजत होते, केस तांबडे पडत होते आणि बिनमिठाचा रस्सा घशाखाली उतरत नव्हता. उमोरेनकडं मीठ असायचं तेव्हा त्याच्यासारखा देवमाणूस नाही. शिट्टी आली आणि तेच मीठ त्याच्या अंगाशी आलं.

त्याच संध्याकाळी राखणदलानं त्याचं खोपटं उलथंपालथं केलं. तांब्याच्या तारेचं भेंडोळं सापडलं, ससे पकडायचं. फुटके सेल सापडले, कोळशासाठी फोडलेले. झालं! त्याला दंडाला धरून अंगणात आणला.

"ही तार कसली?" पॉलिकार्प.

"सशाची, साहेब."

"ससा काय बातम्या ऐकतो?"

लोक हसले. उमोरेनही घाबरत घाबरत हसला. त्याला वाटलं, नेहमीची चेष्टा चाललीय. मी मध्ये पडले.

"भाऊजी, नुसत्या तारेतून शिट्टी निघत नाही. निदान एक तरी व्हॉल्व्ह नाहीतर ट्रान्झिस्टर लागतो. कुठाय ह्याच्याकडं?"

"पुरला असेल. तुम्हीच म्हणालात ना, बाहेरून येतेय? मग तो नाही तर कोण? मी? तुम्ही?" त्यानं आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "हद्दीपलीकडं हा कोणाला भेटतो, विचारा त्याला. माझी बायको बाजारात होती त्या दिवशी हा कुठं होता, विचारा."

उमोरेनला शाळेच्या खोलीत कोंडला. उद्या बातम्या झाल्या की त्याला ओढ्याकडं नेणार असं ठरलं. ओढ्याकडं नेणं म्हणजे काय ते लहान पोरांनाही ठाऊक होतं.

मी तणतणत घरी आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं पुटपुटत मी गारी भिजवत होते, तेवढ्यात आई म्हणाल्या, "बिबियाना, सिप्रियनचा रेडिओ हल्ली किती खणखणीत बोलतो गं. त्याची माया आहे त्यात, म्हणून."

माझा हात थांबला. बॅटरी तर उतरत चालली होती. आवाज बारीक व्हायला हवा, खणखणीत कसा होईल?

मी रेडिओची मागची फळी काढली. सिप्रियननं त्या रेडिओत स्वतःच्या हातानं आणखी एक टप्पा घातला होता, एरिअलच्या अगदी तोंडाशी, लांबचं स्टेशन धरायला. त्या टप्प्याच्या कॉइलवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, ॲल्युमिनियमची एक डबी असायची, दोन बोटांनी दाबून बसवलेली. ती डबी जागेवर नव्हती. कॉइल उघडी पडली होती.

"आई! इथली डबी कुठाय?"

"कुठली?"

मी त्यांच्या कानाशी ओरडले. त्यांनी मान खाली घातली. आमच्या आई कोणापुढं मान घालणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"ती रिकामीच होती गं. नुसती उपडी घातलेली. आत नीट तार गुंडाळलेली, तिला मी हातसुद्धा लावला नाही. त्या पत्रेवाल्या पोराला दिली. त्यानं मीठ दिलं."

"अहो, रिकामी कसली! ती भिंत होती, भिंत!"

आणि मग त्यांना समजेल असं मी सांगितलं. एका नवऱ्याच्या दोन बायकांच्या खोल्यांमध्ये भिंत कशाला असते? एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जाऊ नये म्हणून. भिंत पाडली की एक बोलली, दुसरीनं ऐकलं, तिनं मोठ्यानं उत्तर दिलं, ते पहिलीनं ऐकलं, ती आणखी मोठ्यानं. अर्ध्या घटकेत सगळ्या आळीला तमाशा. टप्प्याचंही तसंच. त्यानं मोठा केलेला आवाज पुन्हा त्याच्याच कानात शिरला की तो आधी जोरात बोलतो, मग किंचाळायला लागतो. आणि हा टप्पा थेट एरिअलला जोडलेला. त्याची किंचाळी तारेवरून बाहेर पडते आणि आळीतल्या प्रत्येक रेडिओत शिरते. आईंना बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. त्यांना फक्त माणसाचं बोलणं मोठं झालेलं कळत होतं.

"पोराच्या हातची वस्तू तुम्ही मिठासाठी विकलीत!" मी रागानं बोलून गेले. "तो आल्यावर काय सांगणार आहात त्याला? त्याचा रेडिओ उघडा पाडून बसलात!"

आई पदर तोंडाला लावून बसल्या. शिट्टीचं, कोंडलेल्या उमोरेनचं, ओढ्याचं मी त्यांना काही सांगितलं नाही. आमच्या आईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. पहाटे पाण्यावर गेल्या असत्या आणि सगळ्या बायकांना सांगून आल्या असत्या की साबोचा रेडिओ माझ्याच घरात आहे. मग उमोरेनच्या जागी ओढ्याकडं कोण गेलं असतं? राखणदलाच्या पोरांना शिट्टीचा मालक हवा होता. तो म्हातारी आहे की तरणा, ह्याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं.

सगळी रात्र मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले. सकाळी वाट सापडली. कोणाचं नाव न घेता त्या माणसाला सोडवायची वाट.

पॉलिकार्प ओट्यावर बंदूक पुसत होता.

"भाऊजी, उमोरेन शिट्टी सोडतो असं तुम्ही म्हणता. तो आता कोंडलेला आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग आज सहाला त्याला त्याच खोलीत ठेवा. दाराशी दोन माणसं उभी करा. तरीही शिट्टी आली तर?"

त्यानं पुसायचं फडकं खाली ठेवलं. कारकुनाचं डोकं होतं, हिशेब लगेच कळला.

"तर तो नाही."

"मग सोडाल त्याला?"

"माझ्या मेलेल्या बायकोची शपथ, सोडेन. हातच्या काकणाला आरसा कशाला, वहिनी. पण नाही आली तर पुन्हा माझ्यापुढं वकिली करू नका."

"नाही करणार," मी म्हटलं. माझं काळीज हलकं झालं होतं. शिट्टी येणारच होती. कॉइल उघडी होती, आई सहाला रेडिओ लावणारच होत्या. सूर्य मावळेल का असं कोणी विचारावं, इतकी ती गोष्ट पक्की होती. उमोरेन सुटला की दोन दिवसांनी मीच कुठून तरी पत्रा आणून गुपचूप डबी बसवणार होते. साबो पळून गेला म्हणत लोक विसरले असते.

शाळेवरून जाताना मी खिडकीशी थांबले. उमोरेन कोपऱ्यात उकिडवा बसला होता. ओठ फुटला होता.

"ताई, मी पातेल्यांना कान जोडतो. आभाळाला कान जोडतो असं म्हणतात हे लोक."

"आज सहापर्यंत धीर धर. बातम्या झाल्या की सुटशील. मी सांगते ना."

"तुम्ही सांगता तर सुटेन," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यानं मला आजही अन्न गोड लागत नाही.

घरी आईंना कानाशी बजावलं, "आज सहाला रेडिओ वेळेवर लावा. अजिबात उशीर नको." त्यांनी मान डोलावली. डोळे सुजलेले होते. कालच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं, पण समजूत घालायला वेळ नव्हता. बॅटरी घेऊन मिशनवर जायचं होतं. ती भरेपर्यंत दिवस गेला. सहाच्या तोंडाशी आणून बाहेरूनच जोडून दिली आणि मी लगोलग अंगणाकडं गेले.

त्या दिवशी सगळं गाव आलं होतं. पॉलिकार्पनं ओट्यावर उभं राहून परीक्षा सगळ्यांना समजावून सांगितली. "शिट्टी आली तर हा मनुष्य निर्दोष. ज्यानं त्याच्या अंगाला हात लावला त्यानं त्याची माफी मागायची." लोकांनी माना हलवल्या. मी रेडिओ लावला.

रेडिओत बातम्यांआधीचे नगारे वाजले. निवेदक बोलायला लागला. मी वाट बघत होते. पहिली बातमी झाली. दुसरी झाली. त्याचा आवाज झऱ्याच्या पाण्यासारखा स्वच्छ होता. वाक्यांच्या मध्ये तो श्वास घ्यायचा तोसुद्धा ऐकू येत होता. मी सुई पुढंमागं हलवली, रेडिओ उचलून घराच्या दिशेला वळवला. काही नाही.

"ऐकलंत?" पॉलिकार्प लोकांना म्हणाला. मग माझ्याकडं वळून हळू म्हणाला, "ऐकलंत, वहिनी?"

"साबो!" कोणीतरी ओरडलं आणि सगळं अंगण ओरडायला लागलं.

मग मी सगळं बोलून टाकलं. जाऊ दे म्हटलं, माझं घर जाऊ दे. "थांबा! शिट्टी माझ्या घरातून येते! सिप्रियनच्या रेडिओतून! डबी निघालीय त्याची, तो टप्पा स्वतःचंच ऐकून किंचाळतो! ह्या माणसाचा काही संबंध नाही!"

"काल म्हणाली बाहेरून येते, आज म्हणते माझ्या घरातून!"

"परक्या बाप्यासाठी सासूला साबो ठरवतेय बघा, लाज नाही!" ही पाण्यावर माझ्याशी रोज गोड बोलणारी बाई.

"मग आज का नाही आली?" पॉलिकार्पनं विचारलं. तो खरंच विचारत होता.

"मला घरी जाऊ द्या. आत्ता वाजवून दाखवते. बातम्या संपेपर्यंत थांबा, भाऊजी, तुमच्या पाया पडते!"

"जा," तो म्हणाला. "संपेपर्यंत मी थांबतो."

मी धावले. कसाव्याच्या रानातून, कुंपणावरून, लुगडं फाटलं ते कळलं नाही. आई रेडिओपाशी बसल्या होत्या, हात मांडीवर जुळवून, चर्चमध्ये बसावं तशा.

"आलीस? ये, बघ," त्या म्हणाल्या. "बसवली मी. तू म्हणालीस ना, उघडा पाडला? आता झाकलाय सिप्रियनचा रेडिओ. आवाज जरा कमी येतो, पण असू दे. त्याची वस्तू त्याला पुरी मिळायला हवी."

मागची फळी काढलेली होती. कॉइलवर डबी होती.

"कुठून आणलीत? आई, कुठून आणलीत ही?"

"त्या पोराकडनं. अगं, त्याला शाळेत कोंडलंय, तू मला सांगितलंही नाहीस. दुपारी रस्सा घेऊन गेले त्याच्याकडं. म्हटलं, बाळा, माझ्या लेकाची डबी तू कापलीस का? तो म्हणाला, नाही आई, इतकी छान डबी कापवेना, चुलीमागच्या दगडाखाली ठेवलीय, जा घेऊन. मीठ परत द्यायला निघाले तर म्हणाला, राहू दे, तुम्हालाच ठेवा. गुणी पोरगं आहे गं."

मी डबी ओढून काढली. आतले व्हॉल्व्ह तापून लाल झाले होते, मनगट भाजलं. रेडिओ किंचाळला. ती शिट्टी मी इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकली. निवेदक बातम्यांचं शेवटचं वाक्य बोलत होता, त्याच्या डोक्यावरून ती चढत गेली. मी कानांवर हात घेतले नाहीत. वाज, म्हटलं, वाज, मेल्या, अजून जोरात वाज.

ती वाजतच होती आणि ओढ्याकडून बंदुकीचा आवाज आला. एकदाच. गावात बंदूक एकच होती.

नंतर कळलं की पॉलिकार्प शब्दाला जागला. तो बातम्या संपेपर्यंत रेडिओपाशी थांबला होता. बाकी कोणी थांबलं नव्हतं. बंदूक ओट्यावर टेकवलेली होती, ती कोणी उचलली ते त्यानं बघितलंही नाही. रिकाम्या अंगणात उक्वाच्या झाडाखाली तो एकटा उभा होता आणि त्याच्या पायाशी रेडिओ शिट्टी मारत होता. पुढं तो पुष्कळ वर्षं जगला, पण घरात रेडिओ ठेवला नाही.

आईंना शिट्टी ऐकू आली नव्हती. बंदूकही नाही. त्या रेडिओकडं वाकल्या आणि त्यांचं तोंड फुललं.

"आता बघ कसा खणखणीत आला! काय केलंस? सिप्रियनच्या बाजूचं काही बोलले का गं?"

"नाही, आई. काही बोलले नाहीत."

"बोलतील उद्या." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चुलीवर उंच टांगलेली केळीच्या पानाची पुडी त्यांनी खाली घेतली, उघडून बोटानं चाचपली. "आज घाईत त्या पोराला बिनमिठाचाच रस्सा नेला बघ. तरी खाल्ला बिचाऱ्यानं, नावं नाही ठेवली. चिमूटभर उरलंय अजून. उद्या नीट मीठ घालून नेईन."

आणि त्यांनी पुडी पुन्हा घट्ट बांधून, उंदीर पोचणार नाहीत अशी, होती तिथं टांगून ठेवली.